उपग्रह निरुपद्रवी, जपायचे ते बॅटरीला आणि बिनतारी यंत्राला

सातारा-देवळाई परिसरातील भूखंड असो की कन्नड तालुक्यातील एखाद्या गटाची हद्दकायम मोजणी, भूमि अभिलेख विभागाचा भूकरमापक आता बांधावर येतो तो साखळी आणि प्लेन टेबल घेऊन नव्हे. त्याच्या हाती माणसाच्या उंचीहून थोडी मोठी दांडी असते आणि दांडीच्या टोकावर डब्याच्या आकाराचे एक यंत्र. या यंत्राला ‘रोव्हर’ म्हणतात. अवकाशातील उपग्रहांचे संदेश ऐकून ते स्वतःची जागा काही सेंटीमीटरच्या अचूकतेने सांगते. भोवती जमलेल्या लगतधारकांच्या मनात त्याविषयी दोन शंका येतात. या यंत्रातून निघणारे ‘रेडिएशन’ आपल्याला बाधणार तर नाही ना, ही पहिली. आणि बॅटरी संपल्यामुळे मध्येच थांबलेली मोजणी पुढे तितकीच खरी मानायची का, ही दुसरी. पहिल्या शंकेत तथ्य कमी आहे, दुसरीत पुष्कळ. तिसरी शंका मात्र सहसा कोणी काढत नाही आणि खरा धोका तेथेच आहे. दिवसभर उन्हात तापलेली ती बॅटरी रात्री कोठे आणि कशी चार्ज होते?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराला मोजणीचे वावडे कधीच नव्हते. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, १६५० च्या दशकात, त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने तोडरमलच्या पद्धतीवर येथील जमिनी मोजून घेतल्या. पुढे इंग्रजी अमदानीत विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासहून देशाची त्रिकोणमितीय मोजणी आरंभली आणि ती उत्तरेकडे नेत असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. तो उचलायला माणसांची फौज लागे. बॅटरी मात्र लागत नसे. आजचे यंत्र एका हाताने उचलता येते, पण त्याचा जीव मुठीएवढ्या लिथियमच्या डबीत अडकलेला आहे. सोय आली की तिच्याबरोबर अशी एखादी नवी ओढाताणही येतेच.

ऐकणारे यंत्र आणि बोलणारे यंत्र

अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. भारताच्या ‘नाविक’ यंत्रणेचे उपग्रह तर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत. उपग्रहातील प्रक्षेपकाची शक्ती घरातल्या एखाद्या जुन्या बल्बाएवढी, म्हणजे काही दशक वॅट असते. एवढे अंतर कापून तो संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॅटच्या दहा हजार लाख कोटी भागांपैकी जेमतेम एक भाग उरते. एकावर सोळा शून्ये लिहून त्याने एका वॅटला भागावे, तेवढी. ही कुजबुज ऐकण्यासाठी अँटेना मोकळ्या आभाळाखाली ठेवावी लागते आणि झाडाच्या गर्द पानांनीही ती अडते. तेव्हा उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींनी कोणाचे काही बिघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय ग्राहक यंत्र उपग्रहाला उलट काहीही पाठवत नाही. मोबाइलमधील किंवा गाडीतील ‘जीपीएस’ही असेच केवळ ऐकणारे असते.

मग यंत्रातून बाहेर पडते ते काय? केवळ उपग्रहांच्या आधारावर जागा काढली तर चूक काही मीटरची राहते. ती सेंटीमीटरवर आणण्यासाठी ज्याचे स्थान आधीच नेमके ठाऊक आहे अशा दुसऱ्या ग्राहकाकडून दुरुस्तीचे आकडे क्षणोक्षणी मिळवावे लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी ७७ कायमस्वरूपी संदर्भ स्थानके उभारली आहेत. त्यांना ‘कॉर्स’ म्हणतात. त्यांची माहिती मोबाइलच्या इंटरनेटवरून रोव्हरला मिळते. त्यासाठी यंत्रात किंवा त्याच्या हातातल्या नियंत्रकात सिमकार्ड असते. या मार्गाने काम चालू असताना बाहेर पडणारी शक्ती साध्या मोबाइलएवढीच असते. फोर-जी मोबाइल जास्तीत जास्त सुमारे एक पंचमांश वॅट प्रक्षेपित करतो. यंत्र आणि नियंत्रक यांना जोडणारे ब्लूटूथ त्याहून कितीतरी क्षीण असते. दांडी धरणाऱ्याचे डोके यंत्रापासून हातभर तरी दूर राहते, तर मोबाइल आपण कानालाच लावतो. म्हणजे ज्याला रोव्हरची भीती वाटते त्याने आधी स्वतःच्या खिशातल्या वस्तूचा विचार करावा.

येथे भाषेने केलेला एक घोटाळा सांगायला हवा. मराठी वृत्तपत्रांतून मोबाइलच्या लहरींसाठी ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द सर्रास वापरला गेला. किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम, रेडियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या अणुगर्भातून होणारा उत्सर्ग. तो रेणूंतील इलेक्ट्रॉन उडवू शकतो. रेडिओलहरींत ती ताकद नाही. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच: पुरेशी शक्ती असेल तर शरीराच्या पेशी तापतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगजनक’ गटात ठेवले हे खरे. पण तो गट पुरावा अपुरा असताना सावधगिरी म्हणून वापरला जातो. मोबाइल संचांसाठी भारताने शरीराच्या दर किलोग्रॅमला १.६ वॅट ही शोषणाची मर्यादा घातली आहे, आणि मोबाइल मनोऱ्यांसाठी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागाचा कडक दंडक लागू केला होता.

तिपाईवरचा पस्तीस वॅटचा प्रक्षेपक

एक यंत्र मात्र खरोखर मोठ्याने बोलते. जेथे मोबाइलचे जाळे विरळ आहे, जसे अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या घळी किंवा गौताळ्याच्या जंगलालगतची शिवारे, तेथे इंटरनेटवर विसंबता येत नाही. अशा वेळी मोजणी करणारे स्वतःचेच एक ग्राहक यंत्र ज्ञात बिंदूवर तिपाईवर ठेवतात. त्याला ‘बेस’ म्हणतात. बेसला जोडलेला यूएचएफ प्रक्षेपक दुरुस्तीचे आकडे रोव्हरकडे पाठवतो. खासगी सर्वेक्षक, रस्ते व कालव्यांचे ठेकेदार आजही हीच पद्धत पुष्कळ वापरतात. बेसच्या आतला प्रक्षेपक साधारण एक ते दोन वॅटचा असतो. बाहेरून जोडायचा मोठा प्रक्षेपक ३५ वॅटपर्यंतचा असतो. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की या पद्धतीत यूएचएफवर बोलतो तो बेस. रोव्हर तेथेही फक्त ऐकतो. म्हणून दांडी धरून शेतभर फिरणारा माणूस सुरक्षित असतो. जपायला हवे ते तिपाईच्या सावलीला बसणाऱ्याने.

किती अंतर राखावे याचे गणित अवघड नाही. अनायनकारी प्रारणांपासून संरक्षणासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास सामान्य नागरिकांसाठी दर चौरस मीटरला सव्वादोन वॅट ही पातळी ठरवली आहे. प्रक्षेपक ३५ वॅटचा, त्याची अँटेना शक्ती एका पातळीत एकवटून सुमारे तिप्पट करणारी आणि प्रक्षेपण अखंड चालू, असे धरले तर ती पातळी अँटेनापासून सुमारे दोन मीटरवर येते. दहापट कडक दंडक लावला तर हे अंतर सहा मीटरांच्या वर जाते. प्रत्यक्षात प्रक्षेपण दर सेकंदाला थांबून थांबून होत असल्याने सरासरी शक्ती कमी भरते. पण सुरक्षिततेच्या हिशेबात अशी सूट स्वतःहून घेऊ नये. आतल्या दोन वॅटच्या प्रक्षेपकासाठी हेच गणित सुमारे दीड फुटावर संपते. यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकांत लहान प्रक्षेपकांसाठी साधारणपणे किमान २० सेंटीमीटर अंतर सांगितलेले असते, तेही याच जातीच्या हिशेबातून.

अंतराची ही अडचण सोडवण्याचा एक उपाय असा आहे की त्याने दुसरेही एक काम साधते. मोठ्या प्रक्षेपकाची गरज वाटते ती पल्ला वाढवण्यासाठी. पण यूएचएफ लहरी साधारणतः क्षितिजापर्यंतच पोहोचतात. सपाट रानात बेसची अँटेना आणि रोव्हर दोन्ही दोन मीटरवर असतील तर हा पल्ला हिशेबाने साडेअकरा किलोमीटरच्या आसपास भरतो. बेसची अँटेना पाच मीटरच्या काठीवर चढवली तर तो पंधरा किलोमीटरवर जातो. वॅट वाढवून जे साधत नाही ते काठी वाढवून साधते, आणि लहरींचा झोत माणसांच्या डोक्यावरून जातो. शक्ती कमी ठेवता आली की बॅटरीही टिकते.

अँटेना जोडल्यावाचून प्रक्षेपक चालू करू नये, हा नियम जुन्या बिनतारीवाल्यांना तोंडपाठ असे. बाहेर पडायला वाट न मिळालेली शक्ती उलटून प्रक्षेपकाच्या अंतिम टप्प्यावरच आदळते आणि तो भाग क्षणात जळू शकतो. प्रक्षेपकाची अँटेना ग्राहकाच्या अँटेनाला खेटून ठेवणेही चुकीचे. कुजबुज ऐकणाऱ्याच्या कानाशी कोणी ढोल बडवावा तसा तो प्रकार होतो. त्यातही एक गंमत आहे. जीपीएसचा दुसरा संदेश १२२७.६ मेगाहर्ट्झवर येतो. तो बरोबर ४०९.२ मेगाहर्ट्झच्या तिप्पट आहे. सदोष प्रक्षेपक आपल्या मूळ लहरीबरोबर तिच्या पटीतल्या लहरीही सोडतो. तेव्हा ४०९ च्या आसपास चालणारे हलक्या प्रतीचे यंत्र आपल्याच बेसला बहिरे करू शकते.

यूएचएफची पट्टी ही कोणाच्या घरची नाही. पोलिसांपासून खासगी बिनतारी जाळ्यांपर्यंत अनेकांचे काम त्या परिसरात चालते. त्यामुळे एवढ्या शक्तीच्या प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना आणि नेमून दिलेली वारंवारता लागते. पूर्वी हे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांखाली होई. आता त्यांची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेण्यास आरंभ झाला आहे. परदेशातून आणलेले यंत्र तेथील वारंवारतेवरच चालू ठेवून बसणे हा निष्काळजीपणा आहे. त्याने मोजणीपेक्षा निकडीचा कोणाचा तरी निरोप अडू शकतो.

दगडखाणीजवळ किंवा बोगद्याच्या कामावर मोजणी असेल तर सावधगिरीचा दर्जाच वेगळा. विजेच्या डिटोनेटरची तार जमिनीवर पसरलेली असते तेव्हा ती स्वतःच अँटेनासारखी वागते. जवळच्या शक्तिशाली प्रक्षेपकामुळे तिच्यात प्रवाह निर्माण होऊन सुरुंग अवेळी उडण्याचा संभव असतो. तेथे प्रक्षेपक आणि मोबाइल केव्हा व किती अंतरावर बंद ठेवायचे हे स्फोटाची जबाबदारी असलेल्या परवानाधारकाने ठरवायचे, मोजणीदाराने नव्हे. पेट्रोलपंपाच्या आवारात बॅटरी बदलण्याचाही मोह टाळावा. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मोबाइल छातीपासून सुमारे १५ सेंटीमीटर दूर ठेवावा, असे सांगितले जाते. ३५ वॅटच्या अँटेनाजवळ तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबूच नये.

रेडिओशी संबंध नसलेला एक धोकाही याच दांडीला चिकटलेला आहे. पुष्कळ दांड्या वजन कमी व्हावे म्हणून कार्बन तंतूंच्या केलेल्या असतात आणि कार्बन विजेचा वाहक आहे. शेतपंपांच्या लोंबकळणाऱ्या तारांखालून दांडी उभी धरून जाणे म्हणजे मृत्यूच्या हाती हात देणे. मे महिन्यात वळवाचे ढग जमू लागले, की उघड्या रानात दांडी खाली ठेवून आडोसा गाठणे हेच शहाणपण.

ऊन, चार्जर आणि रात्र

रोव्हरमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. हीच जात सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली आणि तिच्या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. एका घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, दोन घट ओळीने जोडून ७.२ व्होल्टची डबी होते. अशा एका डबीत सुमारे २५ वॅट-तास ऊर्जा मावते. यंत्र तीन-चार वॅट खात असेल तर ती सहा ते आठ तास पुरते, आणि आतल्या यूएचएफ प्रक्षेपकाला कामाला लावले तर दुपारीच मान टाकते.

या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे, आणि मराठवाड्यात तिचा तुटवडा नाही. एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तो साठीच्याही पुढे जातो. लिथियम-आयन घट वापरताना साठ अंशांपर्यंत निभावून नेतात. पण चार्ज करण्यासाठी त्यांची मर्यादा शून्य ते ४५ अंश एवढीच आहे. वापरणे चालते पण भरणे चालत नाही, हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुपारी जीपच्या पुढच्या काचेशी पडलेली बॅटरी काढून लगेच चार्जरवर लावली की चांगला चार्जर ती घेतच नाही. बहुतेक डब्यांना धन-ऋण टोकांखेरीज आणखी एक टोक असते. त्यामागे तापमान मोजणारा छोटा घटक असतो. डबी तापलेली आहे असे कळताच चार्जर दिवा लुकलुकवत थांबतो.

नेमके येथेच पाऊल चुकते. चार्जर बिघडला असे समजून बाजारातून स्वस्तातला दुसरा आणला जातो. तो तापमानाच्या टोकाकडे पाहतच नाही. तापलेल्या घटात तो मुकाट्याने वीज ओततो. बॅटरी चार्ज झालेली दिसते आणि नवा चार्जर ‘चांगला’ ठरतो. जुन्याने दिलेला नकार हा दोष नव्हता, तेच त्याचे काम होते.

लिथियम-आयन घट भरण्याची रीत ठरलेली आहे. आधी स्थिर प्रवाह, आणि घटाचा दाब ४.२ व्होल्टवर आला की तो दाब स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी करत नेणे. दाब दशांश व्होल्टने जरी चढा राहिला तरी घटाच्या आत लिथियम धातूचा थर साचू लागतो. तोच थर वाढून आतल्या पातळ पडद्याला भोक पाडू शकतो. मग घट आतल्या आत जोडला जातो, तापतो, त्या तापाने आणखी तापतो आणि विषारी वायू व ज्वाळा बाहेर पडतात. २००६ मध्ये सोनीने बनवलेले घट असलेल्या लॅपटॉपच्या लाखो बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या, तर २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ या मोबाइलला विमानात बंदी झाली. नामांकित कारखान्यांतून निघालेल्या घटांची ही कथा. नाव-गाव नसलेल्या डब्यांविषयी वेगळे सांगायला नको.

या शहराला तर आणखी जवळची आठवण आहे. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणी भागातील शिवणकामाच्या एका दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा गुदमरून मृत्यू झाला. सुरुवातीच्या बातम्यांतून चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीकडे बोट दाखवले गेले होते. दुचाकीच्या तुलनेत रोव्हरची बॅटरी जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढी असते. तेव्हा दोन्ही धोके एका मापाचे नाहीत. पण जिन्याखाली, बिछान्याशेजारी किंवा कागदपत्रांच्या गठ्ठ्यांवर रात्रभर चार्जिंग लावून झोपण्याची सवय तीच आहे. तालुक्याच्या गावी मुक्कामी राहणारे मोजणी पथक लॉजच्या एकाच प्लगला चार-पाच चार्जर जोडून गादीवर ठेवते, तेव्हा तो हिश्शांचा हिशेब पाचाने गुणावा लागतो.

चार्जिंगसाठी फरशी किंवा लोखंडी टेबल, भोवती हवा खेळती, माणूस जागा असण्याची वेळ आणि संध्याकाळी आल्यावर बॅटरीला निवायला तासभर अवकाश, एवढे पाळले तर पुष्कळ झाले. बॅटरी पेटलीच तर आधी मुख्य वीज बंद करावी. मग भरपूर पाणी ओतून ती थंड करावी आणि धूर नाकात जाऊ देऊ नये. मात्र अशा वेळी शौर्यापेक्षा दार गाठणे बरे.

बॅटरी पूर्ण संपवूनच भरावी, असा एक जुना समज अजून टिकून आहे. तो निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियमला पूर्ण रिते होणे मानवत नाही. घटाचा दाब फार खाली गेला की त्यातील तांबे विरघळू लागते आणि डबीतला संरक्षक मंडल तिला कायमचे कुलूप घालतो. असे कुलूप दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून ‘उघडून’ देणारे कारागीर भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. उलट, पावसाळ्यात मोजण्या थंडावतात तेव्हा बॅटऱ्या पूर्ण भरून कपाटात ठेवणेही चूकच. निम्म्या भरलेल्या आणि थंड जागी ठेवलेल्या बॅटऱ्या अधिक जगतात. सामान्यतः दिले जाणारे आकडे असे: पूर्ण भरलेला घट ४० अंशांत वर्षभर पडून राहिला तर त्याची धारणक्षमता सुमारे एक तृतीयांश घटते, चाळीस टक्के भरून २५ अंशांत ठेवला तर चार-पाच टक्केच.

३५ वॅटच्या बाह्य प्रक्षेपकाची भूक या डबीने भागत नाही. तो बोलत असताना सात ते दहा अँपिअर ओढतो. म्हणून त्याला मोटारीची १२ व्होल्टची शिशाची बॅटरी जोडतात. तिची रीत वेगळी. ती भरताना हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे बंद खोलीत आणि विडीकाडीच्या शेजारी ती भरू नये. तिच्या टोकांवर चुकून पाना पडला तर तो क्षणात लाल होतो. धन-ऋण उलटे जोडले की प्रक्षेपकाचा खर्च आपला. ट्रॅक्टरचे इंजिन चालू असतानाच त्याच्या बॅटरीवर यंत्र चालवण्याची युक्तीही महागात पडते. इंजिन चालू-बंद होताना दाबाचे झटके बसतात.

बॅटरी गेली, मोजणीचे काय?

आता लगतधारकाच्या दुसऱ्या शंकेकडे वळता येईल. बॅटरी अशक्त झाली की बहुधा आधी लडखडते ते दुरुस्तीचे आकडे आणणारे संदेशवहन. उपग्रहांची कुजबुज ऐकायला थोडकी वीज पुरते. मोडेमला एकदम जास्त लागते. यंत्र चालू दिसते, पडद्यावर आकडेही येत राहतात, पण अचूकता सेंटीमीटरवरून काही डेसिमीटर, कधी मीटरवर घसरलेली असते. यंत्र हे लपवत नाही: सेंटीमीटरची खात्री असेल तेव्हा पडद्यावर ‘फिक्स्ड’ असे दिसते, खात्री सुटली की ‘फ्लोट’.

गुंठेवारीच्या या शहरात त्या एका शब्दाचे मोल किती, हे वीस बाय तीसचा भूखंड घेतलेल्याला सांगावे लागणार नाही. वीस फूट म्हणजे सहा मीटरांच्या किंचित वर. तेथे एका मीटरची चूक म्हणजे रुंदीचा सहावा हिस्सा शेजाऱ्याच्या घरात. २००१ चा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आणि त्याला २०२१ मध्ये मिळालेली मुदतवाढ यांमुळे अशा भूखंडांचे नकाशे शहरात मोठ्या संख्येने दाखल झाले. शेताच्या बांधावर मीटरभर चूक झाली तर भाऊबंदकी होते. भूखंडावर झाली तर भिंत पाडावी लागते.

बॅटरी बदलली की बऱ्याच यंत्रांत सगळी प्रक्रिया पुन्हा मुळापासून होते: उपग्रह शोधणे, दुरुस्तीचे आकडे मिळवणे, पुन्हा ‘फिक्स्ड’ होणे. मोकळ्या आभाळाखाली याला मिनिटभरही लागत नाही. उंच इमारतींच्या बोळात किंवा पत्र्याच्या शेडजवळ परावर्तित लहरींमुळे यंत्र चुकीच्या जागी ‘फिक्स्ड’ झाल्याचेही दाखवू शकते. यावरचा इलाज सोपा आहे. बॅटरी बदलल्यानंतर आधी मोजलेल्या एखाद्या पक्क्या खुणेवर, मग ती हद्दीचा दगड असो वा भिंतीचा कोपरा, रोव्हर पुन्हा धरावा. दोन्ही वेळचे आकडे दोन-तीन सेंटीमीटरच्या आत जुळले तरच पुढे जावे. चांगले भूकरमापक हे न सांगता करतात. ते घडताना दिसले नाही तर ‘साहेब, मघाचा दगड एकदा परत घ्या’ असे म्हणण्यात लगतधारकाने संकोच बाळगू नये. त्यास दोन मिनिटे लागतात, आणि न केल्यास लागणारा काळ दिवाणी न्यायालयांत जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

बाहेरगावी मोजणीला विमानाने जाणाऱ्या खासगी सर्वेक्षकांना चिकलठाणा विमानतळावर बॅटऱ्यांचा प्रश्न पडतो. शंभर वॅट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी हातातल्या सामानातूनच न्यावी लागते, तपासणीत दिलेल्या सामानात ती चालत नाही. रोव्हरची डबी या मर्यादेत सहज बसते. टोकांना चिकटपट्टी लावून प्रत्येक डबी वेगळ्या पिशवीत ठेवली की झाले. शिशाच्या बॅटरीचा प्रश्न वेगळा. ती स्थानिक बाजारातून भाड्याने घेणे परवडते.

राहिली म्हातारी झालेली बॅटरी. डबी फुगलेली दिसली, यंत्रात बसताना अडू लागली किंवा चार्जिंगला लावताच हाताला चटका देऊ लागली, तर तिचे दिवस भरले. फुगलेली डबी दाबून बसवणे किंवा टोचून ‘हवा काढणे’ हे आगीला निमंत्रण आहे. ऑगस्ट २०२२ पासून देशात बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू झाले असून त्यांनी २००१ च्या जुन्या नियमांची जागा घेतली. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करवण्याची जबाबदारी आता उत्पादकांवर आहे, आणि वापरणाऱ्याने त्या घरच्या कचऱ्यात मिसळू नयेत असे बंधन आहे. २०१८ च्या कचराकोंडीत नारेगावची दारे बंद झालेली पाहिलेल्या या शहराला कचऱ्याच्या ढिगात काय काय जाते याची कल्पना आहे. घंटागाडीत दाबली जाणारी एक लिथियमची डबी त्या गाडीला पेटवायला पुरते. तेव्हा टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून, ती यंत्राच्या विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात पोहोचवावी आणि पोच मागून घ्यावी.